कोऱ्या गाडीवरचा चिकटा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तात्यांची गाडी माझ्या वॉशिंग सेंटरच्या रॅम्पपुढे येऊन उभी राहिली. पांढरी शुभ्र, सीटवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नव्हतं. बोनेटवर हळदीकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, आरशांना झेंडूच्या माळा, आणि माळा वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांच्यावरून बोनेटभर ओढलेली खाकी चिकटपट्टी. छपराच्या कडेनं गमाची एक मळकट रेघ दिसत होती. कारखान्यातून निघताना गाडीला लावलेल्या पांढऱ्या फिल्मची ती खूण. तात्या उतरून चहाला वळले तोवर त्यांच्या नातवानं पुढचा दरवाजा उघडून भांडी घासायची हिरवी घासणी बाहेर काढली होती.

"तात्या, आधी त्याला थांबवा," मी लांबूनच ओरडलो.

पण हिरव्या घासणीचं काम घरीच उरकलं होतं. बोनेटच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेतली चमक गेली होती. चिकटपट्टीचा गम मात्र तिथे अजून होताच. थोडा पसरला होता, थोडा काळा पडला होता, इतकंच.

मी मूळचा इथलाच, गेवराई तालुक्यातल्या उमापूरचा. आयटीआय झाल्यावर चाकणला गाड्यांच्या एका कारखान्यात पेंट शॉपला लागलो आणि नऊ वर्षं तिथे काढली. शेवटची चार वर्षं तपासणीवर होतो. ट्यूबलाइटच्या रांगांखालून रंगवलेल्या बॉड्या सरकत यायच्या आणि आम्ही पांढरे हातमोजे घालून त्यांच्यावर हात फिरवायचो. तांदळाच्या कणीच्या दहाव्या भागाएवढा खडा जरी रंगात अडकला असला तरी तळव्याला कळायचा. वडील गेले, शेतीकडे बघायला कोणी उरलं नाही, म्हणून परत आलो आणि रस्त्याला लागून ही धुलाईची जागा उभी केली. येताना जाडी मोजायचं एक छोटं मीटर विकत घेऊन आलो. इथे माझ्याकडे एवढी एकच वस्तू अशी आहे, जी दुसऱ्या कुणाकडे नाही.

ते मीटर मी तात्यांच्या बोनेटवर टेकवलं. आकडा आला 112.

"एकशेबारा काय?" तात्यांनी विचारलं.

मायक्रॉन. एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले 112. पत्र्यावर जे काही चढवलेलं असतं, ते सगळं मिळून एवढंच. कारखान्यात पत्र्याची बॉडी आधी धुतात, तिला फॉस्फेटचं न्हाणं घालतात, मग विजेच्या प्रवाहानं रंग पकडणाऱ्या हौदात अख्खी बुडवतात. गंज न येण्याचं खरं काम हा पहिला थर करतो. त्यावर प्रायमर, प्रायमरवर आपल्याला दिसतो तो रंग, आणि सगळ्यात वर बिनरंगाचा पारदर्शक थर. आमच्या धंद्यात त्याला नुसतं 'क्लिअर' म्हणतात. दिसणारा रंग पंधरा-वीस मायक्रॉनचा. क्लिअर चाळीस-पन्नासचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ. ऊन, पाऊस, धूळ, पाखरांची विष्ठा, सगळं तो एकटा अंगावर घेतो. गाडीची चमक म्हणजे या क्लिअरचा गुळगुळीतपणा. घासणीनं तात्यांच्या गाडीचा रंग गेला नव्हता. क्लिअरवर हजारो बारीक चरे उठले होते, आणि चरे उठले की उजेड नीट परतत नाही, चारी दिशांना फुटतो. माणसाला तो भाग पांढुरका दिसतो.

लोकांचा एक समज मला रोज खोडून काढावा लागतो. नव्या गाडीचा रंग कच्चा असतो, महिनाभर त्याला काही लावू नका, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कारखान्यातल्या रंगाला हे लागू नाही. तो 140 अंशांच्या आसपास भट्टीत भाजून निघतो. शोरूमला पोचतो तेव्हा तो पक्काच असतो. कच्चा असतो तो गॅरेजमध्ये मारलेला रंग. प्लॅस्टिकचे बंपर, वायरी, रबर हे सगळं जागच्या जागी असताना गॅरेजवाला गाडी 140 अंशांना भाजणार कशी? तो हवेवर किंवा कमी आचेवर वाळवतो आणि तो रंग पुढे कित्येक आठवडे आतून घट्ट होत राहतो.

हा फरक मला माहीत होता, तरी मी चुकलो. सेंटर सुरू केल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात एक लाल गाडी आली होती. दरवाजावर रेडियमच्या अक्षरांचा गम होता. घाईत होतो, फडक्यावर थिनर घेतलं आणि फिरवलं. फडकं लाल झालं. तो दरवाजा दहा दिवसांपूर्वी गॅरेजमधून रंगवून आणलेला होता. मी विचारलं नाही आणि मालकानं सांगितलं नाही. मीटर तेव्हाही माझ्या खिशात होतं. दरवाजावर टेकवलं असतं तर कळलं असतं, कारण दुबार रंगवलेल्या जागेवर आकडा दोनशे-तीनशेच्या पुढे जातो. दरवाजा पुन्हा रंगवायचा खर्च मी भरला. त्या दिवसापासून गाडी आली की आधी मीटर फिरतं, मग पाणी.

थिनर गमावर चालतं हे कोणालाही दिसतं, म्हणून हात तिकडे जातो. आपल्याकडच्या सुतारांच्या आणि पेंटरांच्या तोंडी 'ड्यूको' हा शब्द अजून आहे. ते मूळ एका रंगाचं नाव. 1923 च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीनं जनरल मोटर्सच्या साथीनं तो बाजारात आणला. त्याआधी मोटारीला बग्गीसारखं रोगण लावत आणि ते वाळेपर्यंत आठवडेच्या आठवडे जात. ड्यूको काही तासांत वाळायचा, कारण त्यातलं थिनर उडून गेलं की रंग मागे राहायचा. पण जे थिनर उडाल्यानं वाळतं ते थिनर लागल्यावर पुन्हा विरघळतं. जुन्या मिस्त्रींना हे ठाऊक होतं, ते थिनर जपून वापरत. आजच्या क्लिअरमध्ये रेणूंची एकमेकांत गुंफण झालेली असते, म्हणून तो थिनरनं लगेच विरघळत नाही. त्यामुळे माणसाला वाटतं, चालतंय की. पण थिनर जास्त वेळ राहिलं तर क्लिअर फुगतो, निस्तेज होतो. शेजारच्या प्लॅस्टिकला आणि रबराला लागलं तर ते पांढरं पडतं. पेट्रोलचंही तेच, शिवाय पेट लागायची भीती. नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर तर गाडीजवळ आणूच नका.

मग काय लावायचं, हा प्रश्न तात्यांनीही विचारला. मी त्यांना उलट विचारलं, "तात्या, बिब्बा उतल्यावर अंगाला काय लावता?"

"खोबरं. नाहीतर खोबरेल."

"पाणी का नाही?"

"पाण्यानं काय होतंय?"

सगळी विद्या एवढीच आहे. प्रत्येक डागाची एक जात असते आणि तो आपल्या जातीच्या वस्तूत सुटतो. साखर, माती, मीठ पाण्यात सुटतं. गम, डांबर, ग्रीस तेलात सुटतं. चुन्याचे आणि क्षाराचे डाग आंबटानं जातात. डाग कशाचा आहे ते ओळखलं की जोर लागत नाही. ज्याला जोर लावावा लागतोय त्याला आपण चुकीची वस्तू लावली, असं समजावं.

गाडी आम्ही लिंबाच्या सावलीत नको म्हणून शेडखाली घेतली. लिंबाखाली पाखरं असतात आणि थंडीत झाडांवर मावा पडला की पानांवरून चिकटा गळतो. ज्वारीच्या, कपाशीच्या पानांवर शेतकऱ्याला जो चिकटा दिसतो तोच गाडीच्या काचेवर बारीक थेंबांनी बसतो. तो मुळात साखरेचा, ताजा असला तर साध्या पाण्यानं जातो. उन्हात आठ दिवस भाजला तर मात्र हट्टी होतो. पत्रा गार होईपर्यंत आम्ही थांबलो. तापलेल्या पत्र्यावर शांपू लगेच वाळतो, तेल पसरतं, स्पिरिट उडून जातं. कुठलीच वस्तू आपलं काम करायला पुरेशी टिकत नाही.

पहिलं काम स्वस्तिकाचं. त्याला फडकं लावायचं नाही. कुंकू कोरडं पुसलं तर त्यातले कण पॉलिश पेपरासारखे चालतात. लांबून पाण्याची बारीक धार सोडली, कुंकू ओघळून गेलं. मग शांपूचा फेस टाकला आणि हळदीच्या रेघा एकदम लालभडक झाल्या. नातू घाबरला. त्याला वाटलं रंगच सुटला. साडीवर सांडलेल्या आमटीला साबण लागला की होतं तेच हे. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. आपलं जुन्या पद्धतीचं कुंकूही याच गुणावर होतं, हळदीला चुना दिला की. पाणी ओतलं, रेघा परत पिवळ्या झाल्या. मऊ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन टिपलं तेव्हा बराच पिवळेपणा फडक्यात आला, कारण हळद पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलात विरघळते. तरीही अंगठ्याएवढी फिकट झाक राहिली. ती मी तशीच ठेवली. "हिला आता ऊन घेऊन जाईल," तात्यांना म्हणालो. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. हळदीचा डाग पडलेलं धोतर उन्हात घालतात ते त्याचसाठी.

मग चिकटपट्टी. शेजारच्या सलूनमधून केस वाळवायचा ड्रायर आणला. पट्टीचा एक कोपरा गरम करायचा, बोटाला कोमट लागेल इतकाच, आणि ती पत्र्यालगत मागे दुमडून सावकाश ओढायची. वर उचलून फटकन ओढली तर पट्टी येते आणि गम खाली राहतो. लगत दुमडून ओढली तर गमही पट्टीबरोबर निघतो. गरम करायला ड्रायर नसेल तर कढत पाण्यात पिळलेला पंचा पट्टीवर दोन-तीन मिनिटं ठेवला तरी चालतो. ब्लेड, चाकू, नखसुद्धा नको. कोणी म्हणतं, ब्लेड आडवं धरलं की काही होत नाही. काचेवर नाही होत. रंगावर त्याचं टोक एकदा जरी रुतलं तर ती रेघ गाडी विकेपर्यंत दिसते.

बोनेटवर आता गमाचे ठिपके उरले होते आणि छपराला ती फिल्मची रेघ. नातू पळत जाऊन घरातून तेलाची बुधली घेऊन आला. करडईचं तेल होतं. मी बुधलीचा काठ त्याला बोटानं बघायला सांगितला. काठावर तपकिरी, चिवट, चिकट थर जमला होता. करडईचं आणि जवसाचं तेल हवेत राहिलं की आटतं आणि त्याचं रोगण होतं. ही तेलं रंगात वापरायचे ती याच गुणामुळे. गम काढायला करडईचं तेल लावलं आणि गडबडीत विसरलं तर दोन दिवसांनी गमाच्या जागी तेलाचाच चिकटा बसतो. खोबरेल असं आटत नाही. फक्त थंडीत ते थिजतं, 24 अंशांच्या खाली गेलं की, म्हणून वाटी कोमट पाण्यात ठेवावी.

खोबरेलाचे थेंब गमावर सोडले आणि दहा मिनिटं काहीच केलं नाही. ही दहा मिनिटं लोकांना जमत नाहीत. माणसाला हात चालवावासा वाटतो, तेवढ्यात पाच वेळा घासून होतं. आम्ही चहा प्यालो. परत आलो तेव्हा गमाचे ठिपके पांढरट होऊन फुगले होते. अंगठा टेकवून हळूच सरकवला तर त्यांच्या वळकट्या झाल्या, शेवयांसारख्या. त्या उचलून टाकल्या. छपरावरची रेघ जुनी होती, गाडी आवारात किती दिवस उन्हात उभी राहिली कोण जाणे. ती तेलाला दाद देईना. तिथे पेंटरच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन घेतलं, तेही आधी दरवाजाच्या आतल्या कडेला लावून फडक्यावर रंग येत नाही ना ते बघून. फडकं ओलं करून रेघेवर ठेवलं, अर्ध्या मिनिटानं उचललं, फडक्याची बाजू बदलून पुन्हा ठेवलं. चौथ्या खेपेला रेघ गेली. लगेच शांपूनं धुतलं, कारण टर्पेंटाइनही अंगावर ठेवायची वस्तू नाही. शेवटी स्पिरिटचं एक फडकं, तेलाचा ओशटपणा जाण्यासाठी.

फडक्याबद्दल एक सांगतो. जुन्या बनियानचं फडकं मऊ लागतं, पण शिवण आणि बटणाची पट्टी कापून टाकलेली हवी. मायक्रोफायबर उत्तम, पण खाली पडलं की त्या दिवशी पुन्हा गाडीला लावायचं नाही. आपल्याकडची काळी माती वाळली की तिच्यातली वाळू फडक्यात अशी बसते की झटकून जात नाही.

टर्पेंटाइनची हीच रीत डांबराला. नव्या रस्त्याच्या कामातून गाडी गेली की दाराच्या खालच्या अंगाला काळे ठिपके उडतात. पाखरांच्या विष्ठेला फक्त ओलं फडकं ठेवून मऊ करायचं, पण त्याच दिवशी. ती आम्लधर्मी असते आणि मराठवाड्याच्या उन्हात क्लिअर खाते. ऊसगाळपाच्या दिवसांत साखर कारखान्याच्या वाऱ्याला गाडी उभी राहिली तर चिपाडाच्या भुशाची काजळी बसते. ती हातानं झटकू नये, पसरते. पाण्यानंच घालवावी.

क्षाराच्या डागांवर मात्र थोडं थांबतो, कारण ते डाग आपणच पाडतो. बोअरच्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. गाडी धुवून उन्हात तशीच सोडली की प्रत्येक थेंब वाळतो आणि त्याच्या जागी पांढरं कडं राहतं. काळ्या गाडीवर तर देवीचे वण दिसावेत तसं दिसतं. आमच्या तालुक्यातून जायकवाडीचा उजवा कालवा जातो. आवर्तन सुटलेलं असलं आणि जवळपास असलात तर कालव्याचं पाणी गाळून, निवळून वापरा. ते बोअरपेक्षा मऊ असतं. नाहीतर धुतल्याबरोबर पुसून घ्या. कडी पडलीच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून, गार पत्र्यावर, मिनिटभर, आणि मग भरपूर पाणी.

तात्यांची गाडी स्वच्छ दिसत होती. मी नातवाला किराणाची पातळ कॅरीबॅग दिली, हात आत घालायला सांगितला आणि बोनेटवर हलक्यानं फिरवायला लावला. त्याचा चेहरा बदलला. "काका, हे तर खरखरीत लागतंय." उघड्या हाताला जे कळत नाही ते पातळ पिशवीतून कळतं, कारण कातडी चिकटत नाही आणि तळवा नुसताच घसरतो. ट्रेलरवरून किंवा रेल्वेनं येताना लोखंडाचे बारीक कण क्लिअरवर बसतात आणि तिथेच गंजून रुततात. त्यांना शांपू काही करत नाही. त्यासाठी क्ले म्हणून एक मऊ गोळा मिळतो. मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखा दिसतो, जपानमधून ही वस्तू जगभर गेली. शांपूचं पाणी भरपूर मारून तो गोळा पत्र्यावर वजन न देता सरकवायचा. सुरुवातीला अडकल्यासारखं वाटतं, मग आवाज थांबतो आणि तो लोण्यासारखा चालायला लागतो. गोळ्याला करडे ठिपके लागले की आत दुमडून नवी बाजू घ्यायची. जमिनीवर पडला तर टाकून द्यायचा, कितीही महाग असला तरी. नंतर मेणाचा एक पातळ हात द्यावा, म्हणजे पुढच्या वेळचा गम क्लिअरऐवजी मेणाला चिकटतो.

नातवानं स्वतः अर्धं बोनेट केलं. त्याचा हात चांगला आहे, वजन देत नाही.

मग राहिला तो घासणीचा कोपरा. तात्या म्हणाले, "एवढ्या जागेला रबिंग मार. पैसे घे."

मी मीटर पुन्हा काढलं. कंपाउंड घेऊन मशीन फिरवलं तर चरे जातील, पण ते भरत नाहीत. चऱ्यांच्या तळापर्यंतचा क्लिअर आपण खरवडून खाली आणतो आणि त्याला चमक म्हणतो. एका खेपेला दोन-तीन मायक्रॉन जातात. हिरव्या घासणीचे चरे खोल, दोन-तीन खेपा लागतील. चाळीस-पन्नासातले सात-आठ पहिल्याच आठवड्यात द्यायचे, आणि ही गाडी अजून दहा-बारा वर्षं उन्हात उभी राहायची आहे. परत असं काही झालं तर द्यायला उरणार काय? गाडी जुनी असती, विकायची असती, तर मारलं असतं. मी नाही म्हणालो. हलकं पॉलिश हातानं चोळून दिलं, त्यानं अर्धे चरे दिसेनासे झाले. उरलेले फक्त सकाळच्या तिरप्या उन्हात दिसतात.

तात्यांना ते पटलं की नाही हे त्यांनी सांगितलं नाही. झेंडूच्या माळा त्यांनी फेकून दिल्या नव्हत्या, मागच्या सीटवर ठेवल्या होत्या. निघताना त्यातली एक नातवानं पुन्हा आरशाला बांधली, सुतळीनं.

चौथ्या दिवशी तात्या बाजाराला जाताना रॅम्पपाशी थांबले. उतरले नाहीत, काच खाली केली आणि बोनेटकडे बोट दाखवलं. हळदीची झाक गेली होती.